पदकामागचा हिशेब

गरिबीतून वर आलेल्या खेळाडूची गोष्ट आपल्याला फार आवडते. मोठ्या स्पर्धेत पदक मिळाले की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याच्या घराचे छायाचित्र येते. पत्र्याचे छप्पर, सारवलेले अंगण, ओट्यावर बसलेले आईवडील आणि त्यांच्या हातात कोणीतरी नुकताच दिलेला पेढा. आठवड्याभरात सत्कार होतो, महिन्याभरात चौकात फलक लागतो आणि वर्षाच्या आत एखादे साठ-सत्तर पानांचे प्रेरणादायी पुस्तक निघते. त्या पुस्तकातले पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. दुसरेही ठरलेले असते: पण जिद्दीपुढे परिस्थितीला हात टेकावे लागले. या दोन वाक्यांच्या मध्ये जी दहा-बारा वर्षे गेली, त्या वर्षांत बूट कोणी आणले, एसटीचे भाडे कोणी दिले, मुलगा मैदानावर गेला तेव्हा त्याच्या वाटणीचे काम घरात कोणी केले, हे मात्र पुस्तकात सापडत नाही.

हा आक्षेप साहित्यिक चोखंदळपणाचा वाटेल. पण तो पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात बसून नव्हे, तर शिरड शहापूरसारख्या गावात बसून घेतला की त्याचे वजन कळते. हिंगोली जिल्ह्यातले, औंढा नागनाथ तालुक्यातले, औंढ्याहून वसमतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. मल्लिनाथाच्या मंदिरामुळे लांबलांबचे जैन भाविक येथे येतात. बाकीच्या महाराष्ट्राला गावाचे नाव फारसे ठाऊक नाही. परभणी जिल्ह्यातून फुटून १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा शिरड शहापूर नव्या जिल्ह्यात आले. आसपासच्या शेतांत कापूस, सोयाबीन आणि हळद. वसमत आणि हिंगोली ही हळदीची मोठी बाजारपेठ. हळद काढण्याचे, शिजवण्याचे, वाळवण्याचे दिवस आले की घरातल्या प्रत्येक हाताला काम असते, आणि ज्याच्या स्वतःच्या शेतात हळद नाही त्याच्या घरातले हात दुसऱ्याच्या शेतात असतात.

या भागातल्या शाळेतल्या एखाद्या मुलाच्या हाती ते प्रेरणादायी पुस्तक पडते. मुलगा पळायला चांगला आहे. तालुक्याच्या स्पर्धेत त्याने नंबर काढला आहे, जिल्ह्याला जायचे आहे. तो पुस्तक वाचतो आणि जिद्द असली की सगळे होते, असे त्याच्या मनावर ठसते. पुढे समजा जिल्ह्याला त्याचा नंबर येत नाही, किंवा त्या आठवड्यात वडील आजारी पडल्यामुळे तो जाऊच शकत नाही. मग तो काय समजेल? आपली जिद्द कमी पडली, एवढेच. पुस्तकाने त्याला दुसरा काही अर्थ लावायला शिकवलेलेच नसते. उभारी द्यायला निघालेले पुस्तक एका तेरा वर्षांच्या पोराच्या माथी त्याच्या गरिबीचा दोष मारून मोकळे होते. अशा पुस्तकांविषयी माझी मुख्य तक्रार हीच आहे. भाषा भाबडी असली तर चालते, छपाईच्या चुकाही चालतात.

मग ही पुस्तके कोणी लिहावीत? माझे उत्तर सरळ आहे. ज्याने स्वतः लहानपणी दारिद्र्य भोगले आहे आणि ज्याला खेळ आतून कळतो, त्याने. अशा माणसाला हिशेब पाठ असतो. आणि मराठीला हे नवीन नाही. असे एक पुस्तक आपल्याकडे १९४८ सालीच निघाले आहे. त्याचे नाव ‘माझे क्रीडा-जीवन’ आणि लेखक पालवणकर विठ्ठल.

पालवणकर बंधूंची हकिकत आज पुष्कळांना ऐकून ठाऊक असते, पण ती मुळातून पाहण्यासारखी आहे. चौघे भाऊ: बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत. समाजाने अस्पृश्य ठरवलेल्या चर्मकार जातीत जन्मलेले. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे कुटुंब पुण्याला आले. इंग्रज अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर पोरे क्रिकेट शिकली. थोरला बाळू पुण्यात पारशी मंडळींच्या मैदानावर झाडलोट करी, खेळपट्टीवर रूळ फिरवी. पगार महिना ३ रुपये. पुढे १८९२च्या सुमारास तो गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात लागला. तिथे खेळपट्टी तयार करायची, जाळी बांधायची, टेनिसच्या मैदानावर रेघा मारायच्या. पगार ४ रुपये. ग्रेग नावाचा अधिकारी उत्तम फलंदाज होता. तो इतर सभासदांच्या आधी येऊन बाळूच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करी. बाळूने आपल्याला बाद केले तर ग्रेग दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे. पण खरी असेल तर महिना ४ रुपयांच्या हिशेबाने एका बळीमागे जवळजवळ चार दिवसांचा पगार होतो. त्या जाळ्यात बाळूने तासन्‌तास गोलंदाजी केली. बॅट मात्र कोणी त्याच्या हातात दिली नाही. फलंदाजी हे साहेबाचे काम!

नंतर हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून बाळूला घेतले गेले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सगळ्यांना चाले; चहा मात्र त्याला तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. जेवणाचे पान वेगळे. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्यात बाळूचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी यथातथाच झाली, पण बाळूने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. एवढे करूनही त्याला हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. १९२० साली हा वाद चिघळला, भावांनी संघातून माघार घेतली आणि आपली बाजू लोकांपुढे लेखी मांडली. अखेर १९२३ साली धाकट्या विठ्ठलकडे कर्णधारपद आले. त्या वर्षी हिंदू संघ चौरंगी सामन्यांत विजयी झाला आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतले.

क्रिकेट सोडून बरीच वर्षे झाल्यावर विठ्ठलने पुस्तक लिहिले, आणि ते मराठीत लिहिले. त्या काळी क्रिकेटवरचे गंभीर लेखन म्हणजे इंग्रजी, हा संकेत जवळजवळ पक्का होता. विठ्ठल इंग्रजीत लिहिता, तर इंग्लंडातही वाचला गेला असता कदाचित. पण ज्यांना ही गोष्ट सांगायची होती ते वाचक मराठी होते. पुढे हे पुस्तक दुर्मिळ झाले. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २००२ साली, इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास इंग्रजीत लिहिला. त्यात पालवणकर बंधू केंद्रस्थानी आले आणि गुहांनी आधार घेतला तो विठ्ठलच्या या मराठी पुस्तकाचा. बाळूने स्वतः आत्मचरित्र लिहून ठेवलेले नाही. १९५५ साली तो वारला. धाकट्या भावाने लेखणी हाती घेतली नसती, तर थोरल्या भावाचे आयुष्य धावफलकांतल्या आकड्यांपुरते उरले असते.

आता दुसरे उदाहरण घेऊ, जिथे खेळाडूने नाही तर इतरांनी गोष्ट जपली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीमुळे. तिथे सहावे आले. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायची वेळ आली तेव्हा पैशाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. गावाने वर्गणी काढली, दुकानदारांनी जिन्नस दिले. तरी पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. कऱ्हाडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

बहुतेक लेखनात गोष्ट इथेच संपते. मला त्यातला सर्वांत मोलाचा भाग पुढचा वाटतो. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. म्हणजे ऑलिंपिकवीर मिरवणुकीतून उतरला तो थेट कर्ज फेडायला आखाड्यात. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर पंधराहून अधिक वर्षांनी. मधल्या काळात नव्या पिढीला ते जवळजवळ अपरिचितच होते. संजय दुधाणे यांच्यासारख्या क्रीडालेखकाने मराठीत त्यांचे चरित्र लिहिले, अनेकांनी पाठपुरावा केला, तेव्हा कुठे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले. आज १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

या गोष्टीत जिद्द आहेच. पण त्याबरोबर एक गहाणखत आहे. शाळकरी मुलाला दोन्ही कळली पाहिजेत. तुझ्यात ताकद असली तरी कोणीतरी आपले घर गहाण टाकावे लागते, हे ऐकून मूल निराश होईल, अशी काही जणांना भीती वाटते. मला तसे वाटत नाही. उलट आपल्याकडे खर्डेकर नाहीत म्हणून आपण अडलो, आपण नालायक म्हणून नव्हे, हे त्याला कळेल. आणि वाचणाऱ्यांत एखादे मास्तरही असतातच. त्यांनाही काही कळेल.

परदेशातही हा भेद दिसतो. अमेरिकेतली विल्मा रुडॉल्फ हिने १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये धावण्याची तीन सुवर्णपदके जिंकली. बावीस भावंडांतली ती विसावी. लहानपणी पोलिओने डावा पाय अधू झालेला. तिच्या यशाची गोष्ट सांगणारे बहुतेक जण पायातला लोखंडी आधार आणि गळ्यातले पदक एवढेच सांगतात. तिने स्वतः १९७७ साली आत्मकथन लिहिले. तिच्या घराची हकिकत पाहिली की कळते, आई लोकांच्या घरी काम करून दर आठवड्याला तिला बसने सुमारे ऐंशी किलोमीटरवरच्या नॅशव्हिलला, काळ्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या इस्पितळात नेत असे. आणि घरी भावंडे पाळीपाळीने तिचा पाय चोळत. त्या पाळ्या कोणी लावल्या, कोण कंटाळले, कोण झोपेतून उठले, हे ज्या घरात अशी आजारी बहीण आहे त्या घराला पदकापेक्षा जास्त कळते. आपल्या वाडीवस्तीवरच्या आया ही गोष्ट ऐकतील तर त्यांना अमेरिका मुळीच लांब वाटणार नाही.

त्याच देशात आणखी एक लेखक होऊन गेला. त्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नसेल. मॅट ख्रिस्तोफर. जन्म १९१७ सालचा, बाहेरून येऊन अमेरिकेत वसलेल्या गरीब आईबापांच्या पोटी. नऊ भावंडांत थोरला. तरुणपणी तो धंदेवाईक बेसबॉलच्या खालच्या पायरीवर थोडा काळ खेळला, फार पुढे गेला नाही. मग नोकरी धरली आणि नोकरीतून वेळ काढून लिहू लागला. १९५४ साली त्याचे मुलांसाठीचे पहिले खेळावरचे पुस्तक निघाले. १९६३ पर्यंत नोकरी सोडण्याची त्याची हिंमत झाली नाही. १९९७ साली तो वारला, तोवर त्याच्या नावावर शंभराहून अधिक पुस्तके झाली होती.

या ख्रिस्तोफरचा विशेष असा की त्याच्या गाजलेल्या कथांतली मुले ऑलिंपिकवीर नव्हेत. ती गल्लीतली, शाळेतली, लहान गावच्या संघातली पोरे आहेत. कोणाला चेंडूची भीती वाटते, कोणाला संघात घेतलेच जात नाही, कोणाचे वडील सामन्याला येत नाहीत. हरणे-जिंकणे तेवढ्यापुरतेच. मला हे फार शहाणपणाचे वाटते. शिरड शहापूरच्या शाळेतल्या मुलांपैकी किती जण ऑलिंपिकला जातील? जवळजवळ कोणीच नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती चाळणी असते आणि पहिल्या चाळणीतच बहुतेक सगळे गळतात. जे गळले त्यांचे काय, यावर प्रेरणादायी पुस्तके गप्प असतात. तालुक्याच्या कबड्डी सामन्यात शेवटच्या चढाईत पकडला गेलेला मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात कसा बसतो, याची गोष्ट मराठीत कोणी मन लावून लिहिली, तर पदकवीराच्या दहा चरित्रांपेक्षा ती जास्त हातांतून फिरेल. (ती वाचून झाल्यावर मुले पुस्तक परत करणार नाहीत, ही ग्रंथपालांची नेहमीची अडचण मात्र राहील.)

दारिद्र्यातून आलेल्या लेखकांची मराठीला कधीच वाण नव्हती. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून मुंबईला आले आणि जेमतेम दीड दिवसाच्या शाळेच्या बळावर ‘फकिरा’ लिहून गेले. नारायण सुर्व्यांना तर जन्मदात्यांचा पत्ता नव्हता. एका गिरणी कामगाराने त्यांना वाढवले. हिंगोली-परभणीच्या मातीतलेच पाहायचे तर वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव यांनी शेतकऱ्याचे जगणे कवितेत आणले, आणि परभणी जिल्ह्यातले आसाराम लोमटे यांना २०१६ साली ‘आलोक’ या कथासंग्रहासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण ही सगळी प्रतिभा शेताकडे, गिरणीकडे, गावगाड्याकडे वळली. खेळाच्या मैदानाकडे ती फारशी फिरकली नाही. मैदान आपल्या साहित्याला थोडे पोरकट वाटत आले आहे की काय, अशी शंका येते.

दुसरीकडे, ज्यांनी मराठीत खेळावर लिहिले ते बहुतेक शहरी, वृत्तपत्रांच्या आणि आकाशवाणीच्या जगातले. बाळ ज. पंडित यांनी मराठी समालोचन घराघरांत नेले आणि पुस्तकेही लिहिली. ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये वि. वि. करमरकर यांनी खेळाच्या पानाला प्रतिष्ठा दिली; कबड्डी, खो-खो, कुस्ती यांनाही त्या पानावर जागा मिळू लागली, हे त्यांचे ऋण मोठे. शिरीष कणेकर आणि द्वारकानाथ संझगिरी यांनी क्रिकेटला खुसखुशीत गद्य दिले. २०२३ साली करमरकर आणि कणेकर गेले, २०२५ साली संझगिरी गेले. या सर्वांनी आम्हाला रविवारी सकाळी भरभरून आनंद दिला. मात्र त्यांच्या लेखनाचे मुख्य मैदान वानखेडे किंवा ब्रेबॉर्न होते. औंढ्याच्या माळावरचे नव्हते, आणि तशी अपेक्षाही त्यांच्याकडून करणे गैर.

माळावरून आलेले खेळाडू मात्र आता आहेत. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. आईवडील वीटभट्टीवर काम करणारे. शाळा सहा किलोमीटरवर, रोज पायी किंवा पळत. लष्करात भरती झाल्यावर सियाचीनच्या बर्फात नोकरी. धावणे गंभीरपणे सुरू झाले ते त्यानंतर. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, २०२३च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि २०२४ साली ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. ही शर्यत म्हणजे काय, हेही पुस्तकाने सांगायला हवे. त्यात २८ वेळा अडथळ्यावरून आणि ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून जायचे असते. पुरुषांसाठी अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, आणि तो भक्कम असतो. पाय लागला तर अडथळा पडत नाही, धावणारा पडतो. अशी शर्यत मराठवाड्यातल्या एका मजुराच्या मुलाने आपली केली. तिचे बारकावे समजले तर त्याच्या धावण्यातले शहाणपण कळते. नाही समजले तर उरते ते फक्त सहा किलोमीटरच्या पायपिटीचे कौतुक. आणि पायपीट तर मराठवाड्यात लाखो मुलांनी केली आहे. पायपिटीने धावपटू घडता, तर आपल्याकडे प्रत्येक वाडीवर एक विक्रमवीर निघाला असता. साबळेच्या आयुष्यात पायपिटीनंतर लष्कर आले; दोन वेळचे पोटभर अन्न, पगार, प्रशिक्षक आणि सरावाला मोकळा वेळ आला. हे लिहिल्याने त्याचे कर्तृत्व तसूभरही कमी होत नाही.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायला जाई. दुष्काळी भागातला हा मुलगा लष्करात गेल्यावर होडी वल्हवायला शिकला आणि २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १३वा आला. पाण्यासाठी जमीन खणणारा माणूस पाण्यावर शर्यत जिंकायला जातो, या योगायोगावर लेखक मंडळी लगेच झडप घालतात. पण विहीर खोदताना खांद्याचे आणि कमरेचे कोणते स्नायू कसे तयार होतात, वल्हे ओढताना त्यातले कोणते उपयोगी पडतात, हे ज्याने स्वतः पहार चालवली आहे तो जास्त नेमके लिहील. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर त्याच रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली आणि दहावी आली; पी. टी. उषानंतर, म्हणजे ३२ वर्षांनी, धावपट्टीवरच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय महिला. मुलीच्या बाबतीत हिशेबाला आणखी एक रकाना लागतो. पहाटे अंधारात रस्त्यावर पळायला तिच्याबरोबर कोण जाई? लग्नाची बोलणी कोणी आणि किती वर्षे थोपवून धरली? कुटुंबात वाचायच्या पुस्तकात हे आले, तर जेवताना घराघरांत त्यावर दोन शब्द बोलले जातील. तेवढेही पुष्कळ आहे.

आता प्रश्न येतो लिहिणाऱ्याच्या पोटाचा. गरिबीतून आलेल्या मुलाला लेखक व्हा म्हणणे सोपे आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजारभर प्रतींची, तीही खपायला वर्षे लागतात, आणि त्यातून हाती येणारे मानधन सांगण्यासारखे नसते. म्हणून असा लेखक बहुधा शिक्षक असतो, क्रीडाशिक्षक असतो, बँकेत किंवा पंचायत समितीत कारकून असतो. त्यात कमीपणा नाही. क्रीडाशिक्षकाइतके साहित्य तर कोणाच्याच हाताशी नसते. दरवर्षी त्याच्यासमोरून दोनशे पोरे जातात. कोणाच्या पायात बूट नाहीत, कोण उपाशी पळतो, कोणाचे आईबाप उचल घेऊन ऊसतोडीला गेल्यामुळे दिवाळीनंतर मैदानावर दिसत नाही, हे त्याला रोज दिसते. त्याने ते वहीत टिपून ठेवले, नावे बदलून, तरी दहा वर्षांत एक पुस्तक तयार होईल. प्रकाशकांनी मात्र त्याच्या हस्तलिखितातून हलाखीची परिस्थिती आणि अथांग जिद्द हे शब्द काढायला लावावेत आणि त्यांच्या जागी आकडे मागावेत. बूट किती रुपयांना आले? कोणत्या महिन्यात? पैसे उसने कोणाकडून?

वाचक मिळतील का? मला वाटते, मिळतील. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि त्याच्या आधाराने गावोगाव अनुदानित वाचनालये उभी राहिली. अनुदान तुटपुंजे, कपाटे जुनी, पण ती आहेत. त्या कपाटांतून खेळाची पुस्तके शोधली तर काय सापडते? क्रिकेटचे नियम, योगासने, एखादे सचिनचे चरित्र आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकात दडलेली खेळाडूंच्या नावांची यादी. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के राखीव जागा आहेत, दहावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. त्यामुळे खेळ म्हणजे प्रमाणपत्र, असे समीकरण पालकांच्या मनात बसले आहे. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? घरात पहिली सरकारी नोकरी यायची असेल तर प्रमाणपत्र मोलाचेच. पण मुलाला रात्री वाचायला प्रमाणपत्र पुरत नाही.

विठ्ठलच्या पुस्तकाची नवी, स्वस्त, शाळकरी मुलांना वाचता येईल अशी आवृत्ती काढून गावोगावच्या वाचनालयांत पोचवावी, हे या कामातले पहिले आणि फार खर्चाचे नसलेले पाऊल ठरेल. प्रस्तावना जोडायची तर एखाद्या क्रीडाशिक्षकाकडून लिहून घ्यावी. तालुक्याच्या स्पर्धेच्या सकाळी हातात फक्कीचे डबडे घेऊन कबड्डीच्या मैदानावर रेघा मारणारा माणूस त्याच्या ओळखीचा असतो. पूना क्लबात बाळू हेच काम करीत होता, महिना ४ रुपयांवर.